विधिसाहाय्य : धाराशिव (उस्मानाबाद) जिल्हा

आर्थिक अथवा सामाजिक दुर्बलतेमुळे ज्या व्यक्तीला आपले कायदेशीर हक्क सांगता वा राखता येत नाहीत, तिला विनामूल्य देण्यात येणारी वकिलाची सेवा, कायदेविषयक सल्ला व न्यायालयीन खर्चाची तरतूद, यांना विधिसाहाय्य म्हणतात. त्याचे स्थूलमानाने दोन प्रकार होतात : वकिलाने स्वेच्छेने व मोबदल्याविना केलेले साहाय्य आणि राज्याने आपले कर्तव्य म्हणून सरकारी निधीतून पुरविलेले साहाय्य. पहिला प्रकार प्राचीन असून तो देणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असतो. दुसरा अर्वाचीन असून त्यात साहाय्य हा मागणाऱ्याचा हक्क ठरतो. व्यवहारात हे दोन्ही प्रकार एकमेकांत मिसळलेले आढळतात. कारण राज्याने दिलेला हक्कही अखेर स्थानिक वकिलाच्याच हातून पक्षकारापर्यंत पोहोचतो.

दावा चालविण्याचा खर्च वकिलाच्या शुल्कापुरता मर्यादित नसतो. न्यायालयीन शुल्क (कोर्ट फी), कागदपत्रांच्या नकला व भाषांतरे, साक्षीदारांचा भत्ता, प्रवास आणि तारखेच्या दिवशी बुडणारी मजुरी हे सर्व मिळून तो होतो. यांपैकी कोणता भार कोणी उचलावयाचा, या प्रश्नाला वेळोवेळी मिळालेल्या उत्तरांचा इतिहास म्हणजेच विधिसाहाय्याचा इतिहास होय. मराठवाड्यातील धाराशिव जिल्ह्याच्या बाबतीत या नेहमीच्या खर्चांत आणखी दोन भारांची भर पडली होती. पहिला न्यायालयाच्या परक्या भाषेचा आणि दुसरा उच्च न्यायालयापर्यंतच्या अंतराचा. त्यामुळे या प्रश्नाचा अभ्यास करण्यास हा जिल्हा विशेष उपयुक्त ठरतो.

पूर्वपीठिका : इंग्लंडमध्ये सातव्या हेन्रीच्या कारकीर्दीत १४९५ साली झालेल्या अधिनियमाने निर्धन वादीला शुल्काविना दावा दाखल करण्याची व न्यायालयाने नेमलेल्या वकिलाची सोय करून दिली. तेथेच १९४९ च्या विधिसाहाय्य व सल्ला अधिनियमाने या सोयीला व्यापक सरकारी योजनेचे रूप आले. अमेरिकेत १९६३ च्या गिडियन खटल्यात, गंभीर फौजदारी आरोपातील निर्धन आरोपीला राज्याने वकील दिलाच पाहिजे, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने दिला.

ब्रिटिश हिंदुस्थानात निर्धनांसाठी मुख्य तरतूद होती ती ‘नादारीच्या’ दाव्याची. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश ३३ अन्वये, ज्याच्याजवळ न्यायालयीन शुल्क भरण्याइतके साधन नाही अशा व्यक्तीला शुल्क न भरता दावा लावता येई. शुल्काची रक्कम विधीत ठरलेली नसेल, तर अंगावरील आवश्यक कपडे व दाव्याचा विषय वगळता शंभर रुपयांचीही मालमत्ता नसणे, ही नादारीची कसोटी होती. या तरतुदीने शुल्क माफ होत नसे, तर लांबणीवर पडे. निकालानंतर ते वसूल केले जाई. वकील देण्याची तरतूद मूळ आदेशात नव्हती. १९७६ च्या दुरुस्तीने नादार या कल्पनेऐवजी ‘निर्धन व्यक्ती’ ही कल्पना आली, मालमत्तेची मर्यादा एक हजार रुपये झाली आणि वकील नसलेल्या निर्धन वादीला न्यायालयाने वकील नेमून देण्याची तरतूद करण्यात आली.

महाराष्ट्रात मात्र याच्या कितीतरी आधी एक वेगळा प्रयोग झाला होता. १८७५ मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचे दंगे झाले. त्यानंतर १८७९ मध्ये दक्षिणेतील शेतकऱ्यांना साहाय्य देणारा अधिनियम (डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट) मंजूर झाला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो प्रथम लागू करण्यात आला. सावकाराच्या बाजूने वकील उभा असेल आणि शेतकऱ्याला वकील देण्याचे सामर्थ्य नसेल, तर जिल्हा न्यायाधीशाच्या पूर्वसंमतीने सरकारी वकिलाला अथवा तयार असलेल्या अन्य योग्य व्यक्तीला शेतकऱ्याच्या वतीने उभे राहण्यास सांगण्याचा अधिकार या अधिनियमाने दुय्यम न्यायाधीशाला दिला. महादेव गोविंद रानडे यांनी याच अधिनियमाखाली न्यायाधीश म्हणून दीर्घकाळ काम केले. दोन्ही पक्षांचे बळ विषम असेल, तर केवळ न्यायालयाचे दार उघडे ठेवून न्याय होत नाही, ही जाणीव या तरतुदीमागे होती.

यांपैकी सोलापूर व अहमदनगर हे जिल्हे आजच्या धाराशिव जिल्ह्याला लागून आहेत. परंतु धाराशिव त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्यामुळे, सीमेपलीकडील बार्शीच्या शेतकऱ्याला मिळालेले हे संरक्षण परंड्याच्या वा कळंबच्या शेतकऱ्याला मिळाले नाही. सावकारी, अवर्षण व जमीन गमावण्याचे भय मात्र दोन्हीकडे सारखेच होते.

हैदराबाद संस्थानातील स्थिती : जिल्ह्याचे मुख्य ठाणे पूर्वी नळदुर्ग येथे होते, विसाव्या शतकाच्या प्रारंभी ते धाराशिव येथे आले आणि सातवा निजाम मीर उस्मान अली खान (कार. १९११–४८) याच्या नावावरून उस्मानाबाद हे नाव रूढ झाले. संस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फार्सीऐवजी उर्दू ही दरबाराची व न्यायालयांची भाषा झाली. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. जिल्ह्यातील बहुसंख्य प्रजेची भाषा मराठी. काही भागांत कन्नड. अर्ज, कैफियत, जबानी व निकाल हे सर्व अशा भाषेत लिहिले जात, की जी पक्षकाराला वाचता येत नसे. आपण काय सांगितले आणि कागदावर काय उतरले, यांतील फरक कळण्यास पक्षकाराला अर्जनवीस किंवा वकील यांच्यावरच विसंबून राहावे लागे. गरीब माणसाला पहिला खर्च करावा लागे तो आपलेच म्हणणे दुसऱ्याकडून लिहवून घेण्याचा.

सरकारी मुलखाखेरीज संस्थानात सर्फ-ए-खास (निजामाची खाजगी मालमत्ता), पायगा व जहागिरी असे विभाग होते. काही जहागीरदारांना न्यायदानाचेही अधिकार होते. ज्याच्याविरुद्ध तक्रार करावयाची, त्याच्याच अंमलदारापुढे ती मांडण्याचा प्रसंग त्यामुळे रयतेवर येई. राजकीय सभा व वृत्तपत्रे यांवर कडक निर्बंध असल्याने वकिलीचा व्यवसाय हा लोकांची गाऱ्हाणी मांडण्याच्या थोड्या मार्गांपैकी एक झाला. केशवराव कोरटकर, काशिनाथराव वैद्य, दिगंबरराव बिंदू यांसारखे संस्थानातील अनेक सार्वजनिक कार्यकर्ते व्यवसायाने वकील होते, हा योगायोग नव्हे. तथापि त्यांच्यापर्यंत पोहोचणे हे ओळख व सुदैव यांवर अवलंबून असे. साहाय्य होते ते व्यक्तींचे; व्यवस्था अशी नव्हती.

दलित समाजाच्या दृष्टीने वतनाच्या जमिनी व त्यांच्याशी निगडित असलेली सक्तीची कामे हा कळीचा कायदेशीर प्रश्न होता. फेब्रुवारी १९४१ मध्ये आजच्या धाराशिव तालुक्यातील कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदारांची परिषद डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या उपस्थितीत भरली. मुंबई कायदेमंडळात वतन अधिनियमात दुरुस्ती सुचविणारे विधेयक त्यांनी १९२८ मध्येच मांडले होते. एकेका कज्जात वकील मिळवून देण्यापेक्षा ज्या कायद्यामुळे कज्जे उद्भवतात तो कायदाच पक्षकारांना समजावून सांगणे व बदलून घेणे, हे विधिसाहाय्याचे व्यापक रूप अशा परिषदांतून दिसून येते. पुढील काळात ‘कायदेविषयक साक्षरता’ या नावाने जे काम योजनाबद्ध रीतीने सुरू झाले, त्याचे हे पूर्वरूप म्हणता येईल.

विलीनीकरणानंतर : सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईने हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या. १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम आणि १९५४ चा इनामे रद्द करणारा अधिनियम यांनी जमिनीवरील हक्कांची पुनर्रचना केली. १ एप्रिल १९५१ पासून भारतीय दिवाणी व फौजदारी प्रक्रिया संहिता या भागास लागू झाल्या व त्यांबरोबर नादारीच्या दाव्याची तरतूदही आली.

या कायद्यांनी कुळाला हक्क दिले. परंतु ते मिळविण्यासाठी तहसीलदारापुढे अर्ज, पुरावा व मुदत यांचे बंधन पाळावे लागे. मुदत चुकल्याने वा नोटिशीचा अर्थ न समजल्याने हक्क बुडणे शक्य होते. हक्क जेवढे वाढतात, तेवढी ते सांगणाऱ्या जाणत्या माणसाची गरजही वाढते, याचे हे उदाहरण होय. जुने दस्तऐवज उर्दूत किंवा मोडीत असल्याने भाषांतराचा खर्च पुढेही टिकून राहिला. मराठवाड्यातील जमिनीच्या वादांत १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक आणि त्याआधीचे निजामकालीन कागद आजही पुरावा म्हणून दाखल होतात व ते वाचणारी माणसे दिवसेंदिवस कमी होत आहेत.

शेजारच्या मुंबई राज्यात या सुमारास विधिसाहाय्याचा विचार सुरू झाला होता. मुंबईत १९२४ च्या सुमारास विधिसाहाय्य संस्था स्थापन झाली होती. मुंबई सरकारने १९४९ मध्ये न्यायमूर्ती न. ह. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने तालुक्यापासून राज्यापर्यंत साहाय्य समित्यांची रचना सुचविली. निधीअभावी तिची अंमलबजावणी झाली नाही. मो. चि. सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १९५८ च्या आपल्या चौदाव्या अहवालात विधिसाहाय्य ही राज्याची जबाबदारी असल्याचे बजावले आणि वकीलवर्गानेही तिचा काही भार उचलावा, अशी अपेक्षा व्यक्त केली.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात समाविष्ट झाला. राज्यकारभाराची भाषा मराठी झाली. पण जिल्ह्याचे उच्च न्यायालय हैदराबादहून मुंबईला गेले. धाराशिवपासून मुंबई ४०० किमी.हून अधिक दूर आहे. जिल्हा न्यायालयात हरलेल्या अल्पभूधारकाला अपील करावयाचे, तर प्रवास, मुक्काम व अनोळखी शहरातील वकील हे तीनही खर्च त्याच्या ऐपतीबाहेरचे होते. खालच्या न्यायालयात विनामूल्य वकील मिळाला, तरी वरच्या न्यायालयाचे अंतर निकालच अंतिम करून टाकी. मराठवाड्यातच वकिलांची पिढी घडण्यासही वेळ लागला. औरंगाबाद येथील माणिकचंद पहाडे विधी महाविद्यालय १९५६ मध्ये सुरू झाले. तत्पूर्वी कायद्याचे शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्यास हैदराबाद, पुणे वा मुंबई गाठावी लागे.

मराठवाड्यासाठी खंडपीठाची मागणी दीर्घकाळ होत राहिली. अखेर मुख्य न्यायमूर्ती व्यं. श्री. देशपांडे यांच्या आदेशानुसार २७ ऑगस्ट १९८१ पासून औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे उच्च न्यायालयाचे कामकाज सुरू झाले. या आदेशास दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये फेटाळले व १९८४ मध्ये खंडपीठ कायम झाले. धाराशिवपासूनचे अंतर यामुळे सु. २५० किमी. झाले. खंडपीठाच्या स्थापनेचा उल्लेख विधिसाहाय्याच्या इतिहासात सहसा केला जात नाही. परंतु न्यायाचा प्रत्यक्ष खर्च कमी करणारी ती एक मोठी घटना होती.

सांविधानिक हक्क : गुजरात सरकारने १९७० मध्ये न्यायमूर्ती प्र. न. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेली समिती आणि केंद्र सरकारने नेमलेली न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांची तज्ज्ञ समिती (अहवाल १९७३) यांनी विधिसाहाय्याच्या कल्पनेस नवे वळण दिले. न्यायालयात वकील देण्याबरोबरच गावोगाव कायद्याचा प्रसार, समझोता व सामाजिक प्रश्नांवरील दावे यांचा त्यांनी विधिसाहाय्यात समावेश केला. प्र. न. भगवती हे १९४९ च्या मुंबई समितीचे अध्यक्ष न. ह. भगवती यांचे पुत्र होत.

१९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम ३०४ ने सत्र न्यायालयातील निर्धन आरोपीला राज्याच्या खर्चाने वकील देण्याचे बंधन घातले (१ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम ३४१ मध्ये आहे). बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ३९अ हा अनुच्छेद समाविष्ट केला व तो ३ जानेवारी १९७७ रोजी अंमलात आला. आर्थिक वा अन्य असमर्थतेमुळे कोणीही न्यायापासून वंचित राहू नये यासाठी राज्याने विनामूल्य विधिसाहाय्य द्यावे, असे तो सांगतो. हा अनुच्छेद मार्गदर्शक तत्त्वांपैकी असल्यामुळे केवळ त्याच्या आधारे न्यायालयात दाद मागता येत नाही. ही उणीव सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांनी भरून काढली.

त्यांपैकी काही महत्त्वाचे निर्णय महाराष्ट्रातील प्रकरणांतून आले. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९७८) या प्रकरणात निकालाची प्रत वेळेवर न मिळाल्याने कैद्याच्या अपिलास काही वर्षांचा विलंब झाला होता. कैद्याला निकालाची प्रत विनामूल्य देणे व अपिलासाठी वकील पुरविणे हा अनुच्छेद २१ मधील न्याय्य कार्यपद्धतीचाच भाग आहे, असे न्यायालयाने ठरविले. हुसैनआरा खातून (१९७९) व खत्री (१९८१) या बिहारमधील प्रकरणांत हाच हक्क कच्च्या कैद्यांपर्यंत व अटकेनंतरच्या पहिल्या हजेरीपर्यंत नेण्यात आला. शीला बरसे विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९८३) या प्रकरणात कच्च्या कैद्यांच्या याद्या जिल्हा विधिसाहाय्य समितीकडे पाठविण्याचे व समितीने नेमलेल्या वकिलांना तुरुंगात जाऊन कैद्यांना भेटू देण्याचे निर्देश देण्यात आले. सुक दास (१९८६) प्रकरणात न्यायालयाने त्याहून पुढचे पाऊल टाकले : आरोपीने मागणी केली नाही म्हणून साहाय्य नाकारता येत नाही, कारण ज्याला हक्काची माहितीच नाही, तो मागणी करणार नाही.

वैधानिक यंत्रणा : महाराष्ट्रात १९७९ च्या विधिसाहाय्य व सल्ला योजनेने राज्य मंडळ व त्याखालील समित्यांची रचना अस्तित्वात आली. केंद्र स्तरावर १९८० मध्ये न्यायमूर्ती प्र. न. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली विधिसाहाय्य योजनांच्या अंमलबजावणीसाठी समिती नेमण्यात आली. या सर्व प्रयत्नांना विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ याने एकसूत्री रूप दिले. हा अधिनियम मंजूर झाला, तरी १९९४ मधील दुरुस्तीनंतर, ९ नोव्हेंबर १९९५ रोजी तो अंमलात आला. तो दिवस विधी सेवा दिन म्हणून पाळला जातो.

या आठ वर्षांच्या विलंबाचे गांभीर्य धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात विशेष जाणवते. अधिनियमाच्या कलम १२ मध्ये विनामूल्य सेवेस पात्र व्यक्तींची यादी आहे. तीत अवर्षण व भूकंप यांच्या आपद्ग्रस्तांचा स्पष्ट निर्देश आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत झालेल्या भूकंपात सु. आठ हजार लोक मृत्युमुखी पडले. उस्मानाबाद जिल्ह्यात तत्कालीन उमरगा तालुक्यातील सास्तूर व परिसरातील गावांना मोठी झळ बसली. दोन्ही जिल्ह्यांत मिळून ५२ गावांचे संपूर्ण स्थलांतर करण्यात आले. अशा आपत्तीत कायद्याचे प्रश्न शोकाच्या पाठोपाठ येतात : मृत्यूचा दाखला, बँकेतील ठेवीसाठी वारसा प्रमाणपत्र, अनाथ बालकांचे पालकत्व, सातबारावरील वारसांची नोंद, ढिगाऱ्याखाली गेलेल्या कागदांची पुनर्निर्मिती आणि नव्या गावठाणातील घराचा हक्क. भूकंपग्रस्ताला विनामूल्य वकील मिळण्याचा वैधानिक हक्क सहा वर्षांपूर्वीच लिहिला गेला होता. पण भूकंप झाला त्या दिवशी तो अंमलात नव्हता.

अधिनियमानुसार राष्ट्रीय, राज्य, जिल्हा व तालुका अशी चार पायऱ्यांची रचना आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश असतात; तालुका समितीचे अध्यक्षपद तेथील ज्येष्ठतम न्यायिक अधिकाऱ्याकडे असते. उच्च न्यायालयातील प्रकरणांसाठी स्वतंत्र समिती असते. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया, बालके, अपंग, मानवी व्यापार वा वेठबिगारीचे बळी, आपद्ग्रस्त, औद्योगिक कामगार व अभिरक्षेतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी राज्य शासन वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ठरविते. महाराष्ट्रात ती ३ लाख रुपये आहे. उत्पन्नाबाबत अर्जदाराचे शपथपत्र पुरेसे मानता येते. मंजूर झालेल्या साहाय्यात वकिलाखेरीज न्यायालयीन शुल्क, आदेशिकेचा खर्च, प्रमाणित नकला आणि कागदपत्रांचे भाषांतर यांचाही समावेश होतो. राज्य शासनाने १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने पोटगी, मालमत्ता, हिंसाचार व घटस्फोट यांसंबंधीच्या दाव्यांत स्त्रियांना न्यायालयीन शुल्क माफ केले आहे, तर १९९८ च्या अधिसूचनेने मराठी ही राज्यातील कनिष्ठ न्यायालयांची भाषा ठरविण्यात आली आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सु. १६.५७ लाख असून पाचांपैकी चारांहून अधिक लोक ग्रामीण भागात राहतात. सर्व स्त्रिया, सर्व बालके व अनुसूचित जाती-जमातींतील पुरुष एवढेच जमेस धरले, तरी निम्म्याहून अधिक लोकसंख्या उत्पन्नाचा विचार न करताच विधिसाहाय्यास पात्र ठरते. तेव्हा पात्रतेचा प्रश्न बव्हंशी सुटलेला आहे. प्रश्न उरतो तो हक्काची माहिती पोहोचण्याचा व मिळणाऱ्या सेवेच्या दर्जाचा.

जिल्ह्यातील कायदेविषयक गरजा : धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा व वाशी या आठ तालुक्यांचा हा जिल्हा पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतो. २०१८ मध्ये निती आयोगाने निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांत त्याचा समावेश झाला. वारंवार पडणारे अवर्षण, कर्ज व ऊसतोडणीसाठी होणारे हंगामी स्थलांतर यांची छाया येथील कज्जांवर पडते. बांध व वाटणीचे वाद, सावकाराकडे गहाण वा खरेदीखताने गेलेली जमीन (याबाबत २०१४ चा महाराष्ट्र सावकारी अधिनियम महत्त्वाचा आहे), मुकादमाकडून घेतलेली उचल, पोटगी, कौटुंबिक हिंसाचार, सोलापूर-हैदराबाद व सोलापूर-धुळे महामार्गांवरील अपघातांची भरपाई हे त्यांतील नेहमीचे विषय होत. सहा महिने परजिल्ह्यात वा परराज्यात असलेल्या मजुराची तारीख चुकते व दावा गैरहजेरीत निकाली निघतो. अशा व्यक्तीला वकील मिळाल्याने प्रश्नाचा निम्माच भाग सुटतो.

दलित व भूमिहीन कुटुंबांनी कसलेल्या गायरान जमिनी हा मराठवाड्यातील आणखी एक महत्त्वाचा विषय. राज्य शासनाच्या १९९१ च्या निर्णयाने अनुसूचित जाती-जमातींची १४ एप्रिल १९९० पूर्वीची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. त्याचा लाभ मिळविण्यास ताब्याचा पुरावा गोळा करणे आवश्यक होते. बीड जिल्ह्यातील एकनाथ आवाड व त्यांचे मानवी हक्क अभियान यांनी मराठवाड्यात या प्रश्नावर काम केले. पारधी व अन्य विमुक्त जमातींची स्थिती याहून बिकट आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती अधिनियमाने लावलेला शिक्का १९५२ मध्ये कायद्याने पुसला गेला, तरी संशयावरून अटक होण्याचे भय समाजात टिकून राहिले. अशा व्यक्तींच्या दृष्टीने अटकेनंतरच्या पहिल्या हजेरीस वकील असणे सर्वांत मोलाचे असते. अजमल कसाब प्रकरणातील २०१२ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने, पहिल्या हजेरीच्या वेळी आरोपीला वकिलाच्या हक्काची माहिती देणे हे दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य असल्याचे स्पष्ट केले आहे.

लोकअदालत : १९८२ मध्ये गुजरातमधील जुनागढ जिल्ह्यात उना येथे पहिली लोकअदालत भरली व १९८७ च्या अधिनियमाने तिला वैधानिक आधार मिळाला. तीत झालेली तडजोड दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणे बंधनकारक असते, तिच्यावर अपील नसते व भरलेले न्यायालयीन शुल्क परत मिळते. फेऱ्या व खर्च वाचत असल्याने अपघात भरपाई, बँकांची थकबाकी व तडजोडयोग्य फौजदारी प्रकरणांत ती उपयुक्त ठरली आहे. तथापि लोकअदालतीला निवाडा देण्याचा अधिकार नाही, तिचे काम उभयपक्षी तडजोड नोंदविण्याचे आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये बजावले. गरीब पक्षकाराला थांबणे परवडत नाही. त्यामुळे तो हक्काच्या रकमेहून कमी रकमेस संमती देण्याची शक्यता असते. तडजोडीपूर्वी त्याला स्वतंत्र सल्ला मिळणे हे म्हणूनच विधिसाहाय्याचे आवश्यक अंग ठरते.

वकिलांची स्वेच्छासेवा : वकील अधिनियम, १९६१ अन्वये विधिज्ञ परिषदांना विधिसाहाय्य समित्या नेमता येतात. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांनुसार, आपल्या आर्थिक मर्यादेत राहून निर्धन व पीडित व्यक्तीला विनामूल्य साहाय्य करणे, हे वकिलाच्या समाजाप्रती असलेल्या श्रेष्ठ कर्तव्यांपैकी एक होय. केंद्रीय विधी व न्याय मंत्रालयाने २०१७ मध्ये स्वेच्छेने सेवा देऊ इच्छिणाऱ्या वकिलांची नोंदणी सुरू केली. तिला पुढे ‘न्याय बंधू’ हे नाव मिळाले. राष्ट्रीय प्राधिकरणाच्या योजनांनुसार विधी स्वयंसेवक, गावपातळीवरील विधिसाहाय्य केंद्रे व विधी महाविद्यालयांतील केंद्रे कार्य करतात आणि १५१०० या क्रमांकावर दूरध्वनीने माहिती मिळते. गावातून न्यायालयापर्यंत पहिले पाऊल टाकावयास लावण्याचे काम वकिलापेक्षाही या स्वयंसेवकाचे असते.

प्राधिकरणाच्या नामिकेवरील वकिलाला मिळणारे मानधन खाजगी शुल्काच्या मानाने अल्प असते. त्यामुळे नामिकेवरील काम हेही काही प्रमाणात स्वेच्छासेवाच ठरते व तेथेच दर्जाचा प्रश्न उपस्थित होतो. तालुक्याच्या गावी वकीलवर्ग लहान असतो. प्रबळ प्रतिपक्षाविरुद्ध उभे राहताना वकिलाला आपल्या पुढील व्यवसायाचाही विचार करावा लागतो. गंभीर खटले पुष्कळदा नवोदितांकडे सोपविले जातात. जन्मठेप वा मृत्युदंड संभवतो अशा खटल्यांत किमान दहा वर्षांचा अनुभव असलेलाच वकील नेमावा आणि त्याला तयारीस पुरेसा अवधी द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने अनोखीलाल प्रकरणात (२०१९) सांगितले. फौजदारी बचावासाठी पूर्णवेळ वकील नेमण्याची योजना राष्ट्रीय प्राधिकरणाने २०२२ मध्ये आखली. एकट्यादुकट्या वकिलाच्या सद्भावनेवरील भार तीमुळे हलका होणे अपेक्षित आहे.

मूल्यमापन : हैदराबाद संस्थानच्या काळातील धाराशिवच्या गरीब पक्षकारापुढे परकी भाषा, दूरचे न्यायालय, शुल्क व वकिलाचा अभाव असे चार अडसर होते. भाषेचा अडसर मराठीच्या स्वीकाराने, अंतराचा खंडपीठाने, शुल्काचा माफीने आणि वकिलाचा १९८७ च्या अधिनियमाने दूर करण्याचा प्रयत्न झाला. प्रत्येक उपाय दुसऱ्याविना अपुरा होता, ही गोष्ट या क्रमावरून स्पष्ट होते. मजुराचा बुडणारा रोज, हंगामी स्थलांतर व हक्काबाबतचे अज्ञान हे तीन अडसर मात्र अद्याप कोणत्याही तरतुदीने पुरते दूर झालेले नाहीत. वकिलाची स्वेच्छासेवा ही पूर्वी राज्याच्या कर्तव्याची जागा भरून काढीत असे. आज ते कर्तव्य कायद्याने मान्य झाल्यावर तिचे स्थान बदलले आहे. जेथे योजना पोहोचत नाही तेथे पोहोचणे आणि विनामूल्य मिळालेला वकील सशुल्क वकिलाइतकाच दक्ष असेल याची हमी देणे, हे तिचे कार्य राहिले आहे. अनुच्छेद ३९अ मधील वचनाची कसोटी राजधानीतील निर्णयांत लागत नाही. ती तालुका न्यायालयात, पहिल्या तारखेस, निर्धन पक्षकाराच्या शेजारी कोण उभे आहे यावरून लागते.